कोरड्या वाफ्यातला डाव

कार्तिकी पौर्णिमेला मिठागरात आट्यापाट्या खेळायच्या, ही दशरथच्या माणसांची रीत. मुलुंड पूर्वेला, हायवेच्या पलीकडे, खाडीला लागून त्यांचे वाफे. वाफ्यात पहिलं पाणी घेण्याआधी त्याची जमीन तुडवून घट्ट करावी लागते. नुसतं तुडवायचं तर माणूस कंटाळतो. म्हणून जुन्या लोकांनी वाफ्यातच पाट्या आखल्या आणि नऊ-नऊ जणांना पळवलं. जमीन दगडासारखी व्हायची आणि निसरड्या बांधावरून पळायला पोरांचे पायही शिकायचे. काम कुठे संपलं आणि खेळ कुठे सुरू झाला, ते कुणी पाहत नसे.

मीठ बंद होऊन आठ वर्षं झाली. खेळ तेवढा दशरथने धरून ठेवला होता. गेल्या वर्षी मात्र कार्तिकीला त्याची बायको कमल हॉस्पिटलात होती, डाव झालाच नाही. वैशाखात ती गेली. या वर्षीही चुकला तर मग कायमचाच गेला, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

कॉलनीतली नऊ मुलं त्याने महिनाभर मैदानावर तयार केली; येत्या रविवारी त्यांचा दिंडोशीला सामनाही होता. त्यांत त्याची नात अबोली. सून माधुरी नाही म्हणत होती.

"बाबा, मैदानात खेळा ना. तिकडे आता कुत्रंसुद्धा जात नाही."

"एक दिवस गं. दहाला सुरू, अकराला घरी. भरती बाराची आहे."

पण मुलं जमायला उशीर झाला. वाफ्यावर पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. खाडीकडून कुजका वास येत होता. एरवी बांधावर बगळे असतात, आज एकही नव्हता. खाडीकडचा बांध एका जागी खचलेला दशरथला दिसला, पण वाफा कोरडा होता, पांढराशुभ्र. त्याने मनाला समजावलं, तासाभराचं तर काम आहे.

"आजोबा, हे तर आइस्क्रीम वाटतंय," चैतन्य म्हणाला.

"चाटून बघ, मग कळेल."

पुतण्या सुशांतने चुन्याने पाट्या आखल्या. दशरथने बांधावर नारळ फोडला, चौघांना पाट्यांवर उभं केलं, पाच जणांना पळायला लावलं आणि डाव सुरू केला. पोरं चपळ होती. धवल पहिली पाटी चुकवून निसटला, तसा सगळ्यांनी ओरडा केला. दशरथलाही बऱ्याच महिन्यांनी बरं वाटलं. पायांखालून येणारा आवाज वेगळा होता. घट्ट जमिनीवर पाय थड्‌थड् वाजतात. इथे भाकरीचा पापुद्रा फुटावा तसं वाजत होतं. त्याला ते ऐकू आलं होतं. त्याने डाव थांबवला नाही.

अबोली चौथ्या पाटीवरून उलटी वळली आणि गुडघ्यापर्यंत आत गेली.

आधी मुलं हसली. "अगं, आऊट झालीस तू!" तिने दुसरा पाय टेकून जोर लावला, तसा तोही गेला. मग कुणी हसलं नाही.

"आजा, खाली काहीच लागत नाहीये."

"हलू नको, बाय. अजिबात हलू नको. बाकीचे सगळे बांधावर! एकेक जण, हळू!"

ती मांडीपर्यंत गेली, मग कमरेपर्यंत. खचलेल्या बांधातून पाण्याची एक बारीक जीभ वाफ्यात शिरली होती. आवाज नाही, लाट नाही. नुसता पांढरा रंग काळा होत जवळ येत होता.

दशरथ पोटावर आडवा झाला आणि चिखलावरून सरपटत गेला. सुशांतने त्याचे पाय धरले, सुशांतचे चैतन्यने. अबोलीच्या काखेत हात घालून तो ओढत राहिला. चिखल सोडत नव्हता. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं तेव्हा तिचा एक पाय सुटला, मग दुसरा.

बांधावर ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. दशरथने मागे पाहिलं. नऊही पाट्या पाण्याखाली गेल्या होत्या.

तेव्हा त्याला कमल आठवली. दर वर्षी डावाआधी ती हळदकुंकू घेऊन अनवाणी सगळा वाफा चालायची, दर पावलाला टाच दाबत. त्याला ती पूजा वाटायची. उशीर होतोय म्हणून तो वैतागायचाही. जिथे टाच रुतायची तिथे ती कुंकू टाकायची, आणि बाया येऊन तेवढी जागा आधी तुडवून घ्यायच्या. तीस वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर हे घडलं होतं. त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

"काका," सुशांत हळूच म्हणाला, "रविवारी दिंडोशीला सामना आहे. एक घर जरी बिथरलं तर नऊ कुठून आणणार?"

"आम्ही घरी नाही सांगणार, आजोबा," धवल म्हणाला. "आईशप्पथ. चिखलात पडली म्हणू."

"मी पण नाही सांगणार," अबोली म्हणाली. तिचे दात वाजत होते.

दशरथने सगळ्यांकडे पाहिलं. पोरांना खरंच खेळायचं होतं. असं कुणी स्वतःहून मागून किती वर्षं झाली होती!

हायवे ओलांडून तो अबोलीला घेऊन घरी आला; सुशांत आणि धवल मागोमाग. माधुरीने दार उघडलं आणि पोरीला पाहताच तिचा हात तोंडावर गेला.

"पडली का?"

सुशांत मागून खाकरला.

"पडली नाही. रुतली," दशरथ म्हणाला आणि स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. "इथपर्यंत. भरतीचं पाणी आत येत होतं. जमीन मी आधी तपासली नव्हती."

माधुरीने अबोलीला आत घेतलं आणि दार लावलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. या घरात दिवसाढवळ्या कडी कधी लावत नसत.

"काका, झालं ना आता? बाकीच्यांना तरी..." सुशांत म्हणाला.

दशरथ जिना उतरला आणि चिखलाने माखलेल्या कपड्यांनीच शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेला. तिथे धवलचं घर होतं. बेल वाजवण्याआधी तो क्षणभर थांबला. धवल त्याच्याकडे पाहून मान हलवत होता, नको, नको म्हणून.

त्याने बेल दाबली.