हिरव्या दारापुढे मोजलेले आकडे

तिने हिरव्या दारावर दोनदा थाप मारली आणि लेकीला कडेवरून खाली उतरवलं.

"मोज."

"किती?"

"दार उघडेपर्यंत."

लेक चार वर्षांची. तिला वीसपर्यंतच येत होतं. वीस झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करायची. प्रत्येक विसाला आई एक बोट मिटत होती.

"दार वाजवलंस की शंभर मोजायचे, मगच निघायचं," असं कामाच्या पहिल्याच दिवशी ताईंनी तिला बजावलं होतं. ताई म्हणजे तिच्याआधी वीस वर्षं याच वस्तीत, कोण कुठे राहतं याच्या सरकारी नोंदी करत घरोघर फिरलेल्या. "म्हाताऱ्या माणसांचे गुडघे आपल्या घड्याळावर चालत नाहीत गं. त्या हिरव्या दाराला तर ऐंशी लागतात. मी मोजलेत."

"शंभर मोजत राहिले तर माझी पोर पाळणाघराच्या पायरीवर बसेल, ताई," ती हसून म्हणाली होती.

त्यात थट्टा थोडीच होती. पाळणाघर पाचला बंद व्हायचं आणि साहेबांना दिवसाला चाळीस घरं हवी असायची. हिरव्या दाराची पाळी होती त्या दिवशी मोठ्या रस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतीतली तीस घरं तिने दहा मिनिटांत उरकली होती. तिथे वर जाऊच देत नव्हते. वॉचमनने खुर्ची दिली, पंखा लावला आणि वहीत बघून सांगितलं, "सगळे राहतात, मॅडम. लिहा." तिने लिहिलं. निघताना तोच म्हणाला, यातली अर्धी घरं वर्षभर कुलूपबंदच असतात. गल्लीत मात्र माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय 'राहतो' असं लिहायचं नाही, असा नियम. हिरव्या दारापाशी पोहोचेस्तोवर पावणेपाच झाले होते. तिने फार तर पंचवीस मोजले असतील. मग पेन काढून यादीतल्या नावापुढे खूण केली: राहत नाही.

महिन्याभराने, लेकीचा खोकला हटेना म्हणून ती सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीपुढे रांगेत उभी होती. पुढे वॉकरला धरून एक आजी.

"आजी, मोफत औषधांचं कार्ड बंद झालंय तुमचं," खिडकीतला म्हणाला. "त्या पत्त्यावर तुम्ही राहत नाही, असं दिसतंय इथे."

"मग मी कुठे राहते, तेवढं बघून सांग की रे बाबा. मीही जाते तिकडे."

रांग हसली. तीही हसली. मग खिडकीतल्याने पत्ता मोठ्याने वाचून दाखवला.

तिने लेकीच्या गळ्याभोवतीचा रुमाल सोडला, बांधला, पुन्हा सोडला. आजी वळल्या, वॉकर उचलत, टेकवत तिच्या शेजारून गेल्या. रुमालाची गाठ काही नीट बसेना.

"काढायला एक खूण पुरते, बाई," दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले. "परत घालायला तीन सह्या. चाळीस दिवस धरून चाला. आणि तुमचं कंत्राट तर या आठवड्यात संपतंय ना?"

"फॉर्म मी भरून आणते."

"आणा. कोण नको म्हणतंय?"

आता हिरव्या दारापुढे पाचवं बोट मिटलं. दार बंदच होतं.

"आई, कुणी नाहीये."

"मोज गं राणी."

दुसऱ्या हाताचं एक बोट मिटलं. लेक कंटाळून भिंतीला टेकली, पण मोजत राहिली. सातव्या विसातल्या नवावर आत काहीतरी फरशीवर टेकलं. मग कडी वाजली.

आजींना आधी धाप आवरावी लागली, मग बोलता आलं. "आले, आले म्हणत होते मी आतून. माझा आवाज आता दाराबाहेर जात नाही. मागे एक बाई आली होती, तेव्हाही असंच. मी मधल्या खुर्चीपर्यंत आले होते, तोवर गेली."

"मीच होते ती, आजी."

आजींनी तिच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"हिच्यासाठी घाई होती?"

तिने मान डोलावली.

"ये आत. आता तरी नीट लिही."

तिने नीट लिहिलं. आजींचा अंगठा तीन जागी उमटवून घेतला. टेबलावर एका वाटीत रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, सुरीने अर्ध्या केलेल्या. काहींचा भुगाच झाला होता.

"अर्धी अर्धी पुरवते," आजी म्हणाल्या. "पाय जरा जड झालेत, एवढंच."

दवाखान्याच्या खिडकीवर विचारून विकत घेतलेली त्याच गोळ्यांची नवी पट्टी तिने पर्समधून काढून वाटीशेजारी ठेवली. दहा गोळ्यांची. आजींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "आणि कार्ड कधी?"

"चाळीस दिवस म्हणतात."

आजींनी पट्टी परत वाटीशेजारी ठेवली. लेक तेवढ्यात वॉकर ढकलून बघत होती, तिच्याकडे बघून त्या हसल्या.

बाहेर आल्यावर ती जिन्याशी थांबली. वरच्या मजल्यांवरची माणसं इथूनच जात-येत असणार. तिने एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. लेकीच्या वहीवरचे दोन चिकट तारे सोडवून कागद भिंतीला लावला. दोन पावलं गेली, परत आली, एक शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला.

'तळमजल्यावर हिरव्या दारामागे आजी राहतात. राहतात. जाता-येता त्यांचं दार वाजवा. पण वाजवून लगेच जाऊ नका.' त्यापुढे 'शंभर' खोडलेलं होतं. 'दोनशे मोजा.'