पहिल्या दिवसाचा फोटो

रायपुरातल्या त्या छोट्या मराठी चर्चमध्ये नोव्हेंबरातला एक रविवार अनाथ लेकरांसाठी राखून ठेवलेला असतो. उपदेश होतो, अर्पण गोळा होतं, आणि कोणीतरी साक्ष देतं, म्हणजे देवानं आपल्या घरात काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगतं. गेली पाच वर्षं ती साक्ष विनोदिनीचीच. दत्तक घेतलेल्या सोनियाला शेजारी उभं करायचं आणि मागच्या पडद्यावर ती घरी आली त्या पहिल्या दिवसाचा फोटो लावायचा. भादरलेलं डोकं, अंगभर खरूज, काडीसारखे पाय. बायका पदरानं डोळे टिपत. विनोदिनीलाही भरून येई आणि, खरं सांगायचं तर, चारचौघांत कौतुक झालं की बरंही वाटे.

यंदा सोनिया आठ वर्षांची झाली. शनिवारी वेणी घालून घेताना ती म्हणाली, "मम्मी, वो फोटो कल भी लगेगा क्या? मेरी क्लास की संपदा आ रही है मेरे साथ."

विनोदिनीचा हात वेणीतच थांबला. पाच वर्षांत या पोरीला आपण एका शब्दानं विचारलं नाही! तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तिनं तिथल्या तिथं पोरीची माफी मागितली आणि तडक चर्चच्या समितीवरच्या उल्काबाईंना फोन लावला.

"ताई, यंदा फोटो लावू नका. सोनियाले नाही आवडत."

"काहून वो? लोकाइले प्रेरणा भेटते. मागच्या साली तो फोटो पाहून दोन घरांनी लेकरं घेतले."

ते खरंच होतं. तरी विनोदिनी म्हणाली, "अजून दहा घरं घेऊ द्या. पण माह्या पोरीचं डोकं दाखवून नाही."

"बरं, पाहू," उल्काबाई म्हणाल्या.

पाहिलं ते असं. रविवारी उपदेश संपला, पाळकांनी साक्षीसाठी हाक मारली आणि पडद्यावर तेच भादरलेलं डोकं आलं, भिंतीएवढं मोठं. दुसऱ्या बाकावर सोनियानं मान खाली घातली. शेजारी संपदा टक लावून पडद्याकडे बघत होती.

विनोदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, सरळ प्रोजेक्टरपाशी गेली आणि त्याची वायरच उपटली.

"अवो, काय करून राहिल्या तुम्ही?" उल्काबाई धावत आल्या. "एवढं देवाचं काम केलं, ते लपवता कायले?"

"काम?" विनोदिनीनं आवाज मुळीच खाली आणला नाही. "लेक आहे ते माही! पाच वर्षं मीच तिले इथं नमुन्यासारखी उभी केली, ते माही चूक. आता नाही करणार. पाळकसाहेब, तुम्ही दर रविवारी सांगता, देवानं आपल्या सगळ्याइले दत्तक घेतलं म्हणून. मंग त्यानं कोणाचा पहिल्या दिवसाचा फोटो भिंतीवर लावला काय? लावला असता, तर आपल्यातला एक तरी माणूस इथं येऊन बसला असता?"

पाळकांनी चष्मा काढला आणि ते तो उगाच पुसत राहिले.

दुसऱ्या बाकावर संपदानं सोनियाला कोपरानं ढोसलं. "वो बच्ची कौन थी?"

सोनियानं मान वर केली.

"मैं थी," ती म्हणाली. "और वो जो चिल्ला रही है ना, वो मेरी मम्मी है."