खो-खोचा अंतिम पाठ

"कोणी तयार केल्या या मुली?" परीक्षक बाईंनी वहीतून मान वर करून विचारलं.

भांडुपच्या शाळेच्या मैदानावर सातवीच्या मुली नुकत्याच खो-खो खेळल्या होत्या. एक फाउल नाही, आणि खांबाला वळसा असा की बघत राहावं. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजातून महिनाभर शिकवण्याच्या सरावाला आलेल्या नंदकिशोरचा हा अंतिम पाठ. पण त्याच्या पाठाच्या टाचणाचा आणि त्या खेळाचा काडीचा संबंध नव्हता. रोज शाळा सुटल्यावर मुलींना घाम फोडला होता तो सीतारामने. गिरणीच्या संघातून खेळलेला माणूस. संपात गिरणी सुटली, तेव्हापासून इथे हंगामी खेळशिक्षक. आत्ताही तो फक्कीचा डबा घेऊन दहा पावलांवर उभा होता. मैदानावरच्या पांढऱ्या रेषा त्यानेच सकाळी आखल्या होत्या.

"मीच, मॅडम," नंदकिशोर म्हणाला. बोलून गेला खरा. 'बी.कॉम. होऊन शिट्ट्या फुंकतोय' हे घरी मुलुंडला वडिलांकडून ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते.

"बघा मृणालिनीबाई," परीक्षक शेजारच्या मुख्याध्यापिकांना म्हणाल्या, "शिकलेला माणूस असला की किती फरक पडतो."

सीतारामने डब्याचं झाकण लावलं.

दुपारी मृणालिनीबाईंनी नंदकिशोरला बोलावलं. "जूनपासून आमच्याकडेच या. सीतारामांना सांगितलंय मी. शिक्षण नाही त्यांचं, पण मुली तयार करतात म्हणून ठेवलं होतं. आता तेही कारण उरलं नाही."

खरं काय ते सांगायची वेळ हीच होती. नंदकिशोर 'थँक्यू बाई' म्हणून बाहेर आला. स्वतःची शरम वाटत होती, आणि मेलं मन आनंदलंही होतं.

व्हरांड्यात सीताराम सामानखोलीची किल्ली घेऊन उभा होता.

"सीतारामकाका, सकाळी मी खोटं बोललो."

"आयकलंय मी. थंयच होतंय ना." त्याने किल्ली पुढे केली. "परीक्षेत माणूस घाबरता, सर. पण आता बाई एकट्याच बसल्यात. जाऊन सांगशात?"

"सांगतो ना. आत्ताच सांगतो."

"बरा. आणि पोरींका उनात लय बसवू नका."

तो फाटकाकडे निघाला. एकदाही मागे बघितलं नाही त्याने. दिल्या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस. बाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं. नंदकिशोर दारापर्यंत गेला. बाई कागदांवर सह्या करत होत्या. उद्या सांगू, असं म्हणून तो वळला आणि सामानखोलीला कुलूप घालून आला.

तो उद्या काही उजाडला नाही. आठवड्याने पाठांची वही कॉलेजात द्यायची होती. शेवटच्या पानावर 'पाठासाठी कोणाचे साहाय्य झाले? पूर्ण नाव लिहा' असा रकाना होता. निदान इथे तरी खरं लिहू, म्हणून त्याने पेन उचललं.

'सीताराम' एवढं लिहून झालं आणि हात थांबला. महिनाभरात त्याने आडनाव विचारलंच नव्हतं.