डीकन लोथ्रपची चौदा पानं

मी स्वभावाने वाईट नाही, हिवाळा लांबला होता इतकंच. टिल्सबरीच्या वाचनालयात मी वसाहतकाळाची आणि गावच्या इतिहासाची अकराशे सूचीकार्डं नव्याने टाइप करत होतो. त्यातली चारशे प्रवचनांची. चारशे प्रवचनांनंतर माणूस काहीही करतो. मी एक कार्ड जास्तीचं टाइप केलं: ‘हद्दीच्या दगडाची हकिकत. लेखक डीकन इफ्रेम लोथ्रप, १७७१, पाने चौदा. गाव रविवारच्या प्रवचनाला बसलेलं असताना सहा बैल जुंपून दगड चाळीस पावलं सरकवल्याची कबुली.’ असा डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी, नव्हता. असं पुस्तक नव्हतं. बैल असतील, पण ते दुसऱ्या कामात.

तीन वर्षांनी हद्दीची फेरी आली. दर सात वर्षांनी आमचे पंच आणि शेजारच्या हार्कनेसचे पंच शिवेवरून सोबत चालतात, दगडांवर साल रंगवतात आणि एकमेकांच्या बुटांना नावं ठेवतात. यंदा आमचे मुख्य पंच ऑर्विल ट्विचेल तयारीला म्हणून वाचनालयात आले, कार्डांचा खण उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी शेवटपर्यंत वाचलं. नेमकं माझं कार्ड.

दगड ‘मूळ जागी’ नेला की शिवेची रेघ तिरकी होते. ट्राउट माशांचं तळं आमच्याकडे येतं आणि हल्डा कॉटन यांचं घर हार्कनेसमध्ये जातं. हार्कनेसवाले लगेच कबूल झाले. तळ्यावर डास फार, असं त्यांचं म्हणणं.

हल्डामावशी ब्याऐंशीच्या. डॉक्टरांनी त्यांना उन्हाळ्यापर्यंतची मुदत सांगितलेली. आमच्या दफनभूमीत जागा मिळते ती मरताना जो गावचा रहिवासी असेल त्यालाच. तिथे त्यांचे यजमान ईनक आहेत, आणि ईनकच्याच थडग्याच्या दगडावर मावशींचं नाव कोरून तयार आहे. जन्मसाल आहे, पुढे कोरी जागा.

हे कळलं आणि मार्चच्या गावसभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. कार्ड मी केलं, डीकन मी केला, बैलसुद्धा मीच.

मग ट्विचेल फार मायेने म्हणाले की पोराने पुस्तक हरवलंय आणि बिचारा घाबरलाय. म्हातारे सायलस ग्रीनो उठले. आजोबा शेगडीपाशी बसून ही हकिकत वाचून दाखवायचे, बैलांपाशी आले की रडायचे, असं त्यांनी सांगितलं. कोणीतरी खवचटपणे बैलांची नावं विचारली. सायलसनी सहाही सांगितली. मी खाली बसलो, कारण नावं चांगली होती.

मतदान झालं. पुस्तक आहे: एकशे बारा हात. नाही: नऊ, आणि त्यातला एक जण दर ठरावाला नाहीच म्हणतो. पुस्तक आहे हे ठरलं, म्हणजे ते हरवलं आणि जबाबदार मी. शनिवारी दुपारपर्यंत हजर करायचं, नाहीतर कार्डच पुरावा धरून दगड हलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी काठी टेकत वाचनालयात आल्या.

“एल्डन, खरंच नाहीये ना रे पुस्तक?”

“नाही मावशी. शपथ.”

“मग लिही. चौदाच तर पानं आहेत.”

मी म्हणालो, ही बनावट कागदपत्रं झाली, तुरुंगात जाईन.

“तुरुंगातून माणूस सुटतो, पोरा. हार्कनेसमधून कोण सुटलंय?”

त्या हसत होत्या, पण काठीवरचा हात पांढराफटक पडला होता. मी विचारलं, चौदाव्या पानावर काय लिहू?

“डीकन दगड परत जागेवर आणून ठेवतो म्हणून लिही. म्हणजे आज आहे तिथंच.”

“आणि लोकांना पटेल?”

मावशींनी खिडकीबाहेर पाहिलं. “ठेवलाच असेल त्याने. माझी आजी सांगायची ना, डीकन मनाचा चांगला होता म्हणून.”

मी त्यांच्या डोळ्यांत थट्टा शोधली. नव्हती.

त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं, एका जुन्या प्रवचनसंग्रहाची मागची कोरी पानं कापली आणि टाक शाईत बुडवला. हात इतका कापत होता की अक्षर आपोआपच दोनशे वर्षं जुनं आलं.