ऑर्विलच्या कपड्यांवरची धूळ

मित्रांनो, मी कपडे धुण्याचे एक जुने यंत्र आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एका कारखान्याच्या गावात, लॉर्नाच्या तळघरात उभे आहे.

दुकानातून आले तेव्हा काय माझा तोरा होता! लॉर्ना शेजारणींना मुद्दाम खाली आणून मला दाखवायची. तिचा नवरा ऑर्विल अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात कामाला होता. घरी यायचा तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा होऊन. त्याचे कपडे लॉर्ना आधी मागच्या पायरीवर झटकायची आणि मगच माझ्यात टाकायची. का, तर मी बिघडू नये म्हणून! माझी एवढी काळजी तिने घेतली.

पुढे त्या धुळीने कामगार खोकून खोकून मरू लागले. सगळ्या कामगारांचा आणि त्यांच्या घरच्यांचा मिळून एकच खटला उभा राहिला. कंपनीने ठराविक पैसे द्यायचे कबूल करून तडजोड केली. वर्तमानपत्रात सूचना आली, की ज्यांना या तडजोडीत यायचे नाही त्यांनी तसे लेखी कळवावे. खाली बारीक अक्षरांत होते, की न कळवणारे त्यात धरले जातील आणि त्यांना पुन्हा दावा करता येणार नाही.

ऑर्विलने ती तळघरात वाचून दाखवली. "कळवायचं का गं आपण?"

"आपल्याला काय धाड भरलीय?" लॉर्ना हसली. "आजारी आहेत ते बघतील. त्यांच्या ताटातलं आपण कशाला ओढायचं?"

गप्प राहिले की आपण त्यातून बाहेर, असेच गावातल्या सगळ्या धडधाकट माणसांना वाटले. भली माणसे!

ऑर्विल म्हातारा होऊन वारला. मग लॉर्नाला धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, कर्करोग, त्याच धुळीचा. ही धूळ तीस-तीस वर्षे छातीत दडून बसते म्हणे. उपचारांचा खर्च कंपनीने द्यावा म्हणून लॉर्नाने दावा लावला.

निकाल सांगायला वकील आला, तेव्हा ती माझ्यात चादरी टाकत होती.

"फेटाळला, बाई. कोर्ट म्हणतं, तुम्ही त्या तडजोडीतच आहात."

"मी कुठे सही केली होती?"

"नाही केलीत. बाहेर राहतो असं कळवलं नाहीत, तेवढं पुरतं."

"अहो, पण तेव्हा मला काही झालंच नव्हतं! न झालेल्या दुखण्याची तडजोड कशी होते?"

वकिलाने निकालाचा कागद तिच्यापुढे धरला.

"बरं, त्या तडजोडीतलं तरी काही मिळेल?"

"तो निधी केव्हाच वाटून संपला."

आता तिला जिना उतरवत नाही. मला उद्या भंगारात घालतील. घालू देत, यंत्राला कोण विचारतो! पण मित्रांनो, तुमच्यातला कुणी मोठेपणी न्यायाधीश होईल. गप्प बसलेल्या माणसाने होकार दिला, असे लिहिताना त्याला जरा थांबू द्या. लॉर्नाला तिच्या मरणाबद्दल कुणी काही विचारलेच नव्हते.