नौफलच्या कानांतला समुद्र

मित्रांनो, मी खिशात मावणारा एक जुना खेळसंगणक आहे. काही हौशी माणसांनी मला घडवले आणि माझे आराखडे, माझे प्रोग्राम, सगळे जगापुढे उघडे ठेवले. ज्याला हवे त्याने पाहावे, बदलावे. मला मात्र तेव्हा लाज वाटे. इतर यंत्रे आपली गुपिते पोटात ठेवून कशी ऐटीत मिरवत!

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात एम्नाने मला घरी आणले. ती औषधांच्या दुकानात काम करी आणि दुपारच्या सुट्टीत माझ्यासाठी छोटे छोटे खेळ रचत बसे. तिचा धाकटा भाऊ नौफल मासेमार होता. एका आजारात त्याची दृष्टी गेली आणि त्याने उंबरठा ओलांडणेच सोडले. मित्र हाका मारून थकले.

एकदा एम्नाने मला त्याच्या हातात ठेवले.

"आंधळ्याला खेळ दाखवतेस? आता आरसाही आणून दे," तो म्हणाला.

"दाखवत नाहीये. पडदा बंद आहे. हे इयरफोन कानात घाल."

त्याच्या कानांत समुद्र सुरू झाला. एकीकडे मासळीची सळसळ, दुसरीकडे खडकावर फुटणारी लाट. मासळीच्या आवाजाकडे होडी वळवायची, खडक टाळायचा. नौफल खडकावर आपटला, पुन्हा आपटला.

"तुझा वारा खोटा आहे गं. पंखा लावलास की काय?"

"मग खरा तू करून दाखव."

आणि तो तोंडाने वाऱ्याचा आवाज काढू लागला. एम्ना ध्वनिमुद्रण करी, तो नावे ठेवी, पुन्हा आवाज काढी. त्या घरात कितीतरी महिन्यांनी हसणे ऐकू आले.

राजधानीत हौशी खेळ रचणाऱ्यांचा मेळावा भरणार होता. नौफल यायला तयार झाला आणि नेमका माझा आवाज गेला. मला घडवणारी कार्यशाळा कधीच बंद पडली होती. यंत्रे विकणाऱ्या एका दुकानदाराने मला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "भंगारात टाका." नौफल भिंतीकडे तोंड करून झोपला. "राहू दे. मी येत नाही."

एम्ना मला घेऊन रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या हसूनांकडे गेली.

"उस्ताद, एवढं बघा ना."

"पोरी, आतला नकाशा नसेल तर मी हात लावत नाही."

तिने माझे आराखडे समोर ठेवले. हसूनांनी चष्मा पुसला. "एवढं सगळं मांडून ठेवलंय? भली माणसं दिसतात." जळालेला तुकडा कुठेच मिळेना. त्यांनी आराखडा पाहून दुसऱ्याच जातीचा जुळवला, डाख दिला, आणि माझ्या पोटातून लाट फुटली. ज्या उघडेपणाची मला लाज वाटे, त्यानेच मला वाचवले.

घरी ती लाट पुन्हा कानी पडताच नौफल यायला निघाला. मेळाव्यात तरणीताठी मुले डोळे मिटून खेळली आणि धडाधड खडकांवर आपटली.

"डोळे मिटलेत ना? आता कान उघडा," नौफल म्हणाला. सगळे हसले. कोणीतरी विचारले, "हा वारा कुणाचा?"

"माझा," तो म्हणाला.

परतल्यावर सकाळी त्याने स्वतःच चपला शोधल्या. "एम्ना, बंदरावर नेतेस? पुढच्या खेळाला नावाड्यांच्या हाका हव्यात."

मित्रांनो, आज माझी कड झिजली आहे, बटणे सैल झाली आहेत, तरी तक्रार नाही. मुके झालेले यंत्र फेकण्याआधी एकदा उघडून पाहा. आणि तुम्ही कधी काही घडवलेत, तर त्याचा आराखडा मागे ठेवा. तो कोणाच्या कामी येईल, हे घडवणाऱ्यालाही ठाऊक नसते.