तीनचा भोंगा आणि मी

मित्रांनो, माझ्या कडेचे दोरे निघाले आहेत आणि मरून रंग विटला आहे. तरी अंगावर घेतलंत तर माझं वजन अजून कळेल. मी सोलापूरची चादर आहे, आणि आता चांगलीच जुनी झाले आहे.

चन्नप्पांनी मला त्यांच्या मागावर विणलं. ते फणीचा ठोक असा मारायचे की सुताला सूत गच्च बसायचं. कारखान्यातले बाकीचे हसायचे. "चन्नप्पा, चादर विणतोस का सतरंजी?" पण मी विकायची नव्हतेच. त्यांची लेक गल्लीतली पहिली बी. ए. झालेली मुलगी. तिच्या पहिल्या बाळंतपणाला त्यांनी मला सायकलच्या कॅरिअरला बांधून नेलं.

बाळाचं नाव शिवयोगी. घरात सगळे योगी म्हणत. तो मोठा होऊ लागला तसं त्याच्या आईच्या लक्षात आलं की हा इतर मुलांसारखा नाही. हाक मारली तर बघायचा नाही. काड्यापेटीतल्या काड्या एका रेषेत लावत बसायचा, आणि एखादी सरकली तर रडून घर डोक्यावर घ्यायचा. अशा मुलांना काय म्हणतात हे त्या काळी, एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली, आमच्या भागात कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "थांबा, उशिरा शहाणा होईल." शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या, "दृष्ट काढ की." आई थांबलीही आणि तिनं दृष्टही काढली.

माझं काम मात्र ठरलेलं होतं. दुपारचं जेवण झालं की योगी मला डोक्यावरून ओढून घ्यायचा आणि चारपर्यंत निजायचा. माझ्या भाराखाली त्याचा श्वास हळूहळू संथ व्हायचा. खरं सांगते, मला या कामाचा फार अभिमान वाटायचा.

सहाव्या वर्षी त्याला शाळेत घातलं. दोन शाळांनी आधीच नको म्हटलं होतं. ही तिसरी, गल्लीच्या टोकाची, अकरा ते पाच भरणारी. पहिल्याच आठवड्यात त्यानं पाटी फेकली, शेजारच्या मुलाला चावला, आणि स्वतःच्या मनगटालाही. हेडमास्तरांनी आईला बोलावलं.

"घरी फार लाड होतात वाटतं?"

"घरी तो असं कधीच करत नाही हो."

"तेच म्हणतोय मी," हेडमास्तर म्हणाले. "महिन्यावर तपासणी आली आहे. तोवर बघतो. नाहीतर नाव कमी करावं लागेल."

त्या संध्याकाळी आईनं एक शंभर पानी वही काढली. योगीनं काय खाल्लं, कोणता सदरा घातला, कुणाशेजारी बसला, किती वाजता बिनसलं, सगळं ती लिहू लागली. माझ्यावर मांडी घालून लिहायची आणि पेन्सिलीचं टोक चावायची. पण कशाला कशाचा मेळ बसेना. तिला जेवण गोड लागेना.

अशात एके दिवशी शाळा सुटल्यावर सारजाबाई घरी आल्या. पहिलीच्या वर्गावर आलेल्या नव्या बाई, मूळच्या सांगोल्याच्या. चहा निवत ठेवून त्यांनी अख्खी वही वाचून काढली.

"लई बारकाईनं लिहिलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण भोंगा कुठं आहे यात?"

"कोणता भोंगा?"

"अहो, मिलचा. तीनचा. आमच्याकडं असलं काही नाही. पहिल्या दिवशी माझ्या हातातला खडू पडला. वर्गात बघते तर एकाही पोरानं मान वर केली नाही. फक्त योगीनं पाटी फेकली."

आईनं वही ओढून घेतली. तिनं वहीतल्या वेळा पुन्हा बघितल्या. तीन, तीन, तीनला दोन मिनिटं. भोंग्यावर तिच्या वडिलांचा डबा निघायचा, भोंग्यावर ती शाळेला निघायची. ऐकून ऐकून तिला तो ऐकूच येईनासा झाला होता. अख्ख्या सोलापूरचं तसंच. मी तरी वेगळी कुठं होते? मीही त्याच आवाजात विणली गेले होते.

"घरी असताना तीनला काय करायचा तो?" बाईंनी विचारलं.

"निजायचा. ही चादर डोक्यावरून घेऊन." तिनं माझ्याकडे बघितलं. "सकाळच्या भोंग्यालाही तो हिच्याखालीच असतो."

सारजाबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. "मग हिलाही शाळेत घालू की."

अशी मी पहिलीत गेले, मित्रांनो. बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात एक घड्याळ काढलं, तीनला पाच कमी. भिंतीवरचं घड्याळ तसं दिसलं की योगीनं उठायचं आणि कोपऱ्यात माझ्याखाली बसायचं. मुलांना त्यांनी सांगितलं, "काचेवर खिळा ओढला की तुमचे दात शिवशिवतात ना? त्याला भोंग्यानं तसं होतं, आणि लई जास्त."

सगळं लगेच जमलं असं नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनी मला पळवलं आणि माझा तंबू केला, तेव्हा योगीनं एकाला ओरबाडलं. एकदा तो आत गेला तो शाळा सुटेपर्यंत बाहेरच आला नाही. बाईंनी त्याला ओढलं नाही. तिथंच खाली बसून वह्या तपासल्या. तिसऱ्या आठवड्यात भोंगा थांबला की पाच मिनिटांत तो बाहेर यायचा, केस विस्कटलेले, आणि थेट बेरजा करायला बसायचा.

तपासणीच्या दिवशी शाळा धुऊन पुसून लख्ख केली होती. आई खिडकीबाहेर उभी होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं योगीलाच फळ्यापाशी बोलावलं आणि मोठी बेरीज घातली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. बराच वेळ सव्वादोनच होते. आईच्या ते आधी लक्षात आलं. तिनं शिपाई धोंडीरामला गाठलं.

"अहो, घड्याळ बंद आहे!"

"आवं, झाडलोटीच्या नादात किल्ली द्यायचीच ऱ्हायली की," धोंडीराम म्हणाला, आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

योगीचा हात तोंडाशी गेला. हेडमास्तरांनी डोळे मिटले. मी कोपऱ्यात घडी होऊन पडले होते, आणि चादरीला पाय नसतात. योगीनं दात मनगटावर टेकवले. मग हात खाली आला आणि तो म्हणाला,

"बाई, चादर."

याआधी त्यानं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. सारजाबाईंनी मला उचललं आणि साहेबांच्या बुटांपाशीच त्याच्यावर घातलं. तो खाली बसला. माझ्या आत तो थरथरत होता. मला जेवढं जड होता येईल तेवढी मी झाले.

"आजारी आहे का मुलगा?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब," पुढच्या रांगेतली बसव्वा म्हणाली. "भोंगा झालाय. आता येईल."

"कुठला भोंगा?" साहेब म्हणाले. साहेब सोलापूरचेच होते.

अख्खा वर्ग हसला. योगी बाहेर आला, खडू उचलला आणि हातचा घेऊन बेरीज पुरी केली. ती बरोबर होती. हेडमास्तरांनी हजेरीपट तपासणीला पुढं केला तेव्हा त्यात शिवयोगीचं नाव होतं, आणि ते पुढच्या वर्षीही राहिलं. खिडकीबाहेर आई रडत होती आणि धोंडीराम तिला पाणी आणायला धावला होता.

तिसरीत गेल्यावर योगी कानात कापूस घालायला शिकला. मी घरी परतले. आता माझ्यावर शेंगा वाळत घालतात. कधी कधी वाईट वाटतं, पण ऊन छान लागतं.

मित्रांनो, मला गार पाण्यात धुवा. पिळू नका, सावलीत वाळवा. आणि माझ्याखाली एखादं मूल जाऊन बसलं असेल तर मला खसकन ओढू नका. जवळ बसा. ते येईल बाहेर.